लांबचं सुतक

कचरूआबाचं पोरगं लढाई करून घरी आलं आणि बापाच्या पाया पडलं नाही, ही गोष्ट टेंभुर्णीत सकाळी नऊला घडली आणि साडेनऊला भर बाजारात पोचली. लोकांना दोष देऊन काय उपयोग? कचरूनंच चाळीस माणसं अंगणात जमवून ठेवली होती. भावकी होती, शाळेचे मास्तर होते, सरपंच सोमेश्वर होता आणि मोबाइल वर धरून उभी असलेली पोरंटोरं होती ती वेगळीच. गावातून लढाऊ विमानात बसलेला पहिला गडी येणार म्हटल्यावर बापाला एवढी हौस असणारच.

हरिओम जीपमधून उतरला. त्याची माय गोजरबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तो दोन हात लांबच थांबला आणि म्हणाला, राहू दे माय, तिकडूनच टाक. मग बापासमोर आला, हात सरळ खाली ठेवून बरं हाय ना म्हणून विचारलं आणि पडवीत निघून गेला. कचरूचा आशीर्वादाला उचललेला हात अर्ध्यातच राहिला. चाळीस माणसांदेखत करायचं काय, म्हणून त्यानं त्याच हातानं कान खाजवला.

त्याच्यावर कडी म्हणजे पुढचं. सून शीतल सात महिन्यांच्या प्रांजलला घेऊन बाहेर आली. लढाई संपली आणि तिसऱ्या आठवड्यात बदनापूरला, शीतलच्या माहेरी, ही पोर जन्मली. बाप तेव्हाही आला नाही, बारशालाही आला नाही. सुट्टी न्हाई, एवढंच फोनवर. आता शीतलनं पोरगी पुढं केली. हरिओमनं तिला बघितलं, नीट बघितलं, आणि दोन्ही हात पाठीमागं बांधले. झोपलीये, राहू दे, म्हणाला. पोरगी टक्क जागी होती, बापाच्या शर्टाच्या गुंडीकडं बघत होती.

कचरूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेब झाला, विमानात बसला, पदक मिळालं, म्हणून काय माणसातून उठला? दोन दिवस तो पोराशी शब्द बोलला नाही. तिसऱ्या दिवशी शीतल त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. ही सून कमी बोलणारी, पण बोलली की पुरतं बोलणारी. लढाईपासून असंच चाललंय, असं तिनं सांगितलं. फोनवर पोरगी दाखवली की हा दुसरीकडं बघतो. आणि शेवटी म्हणाली, "मामा, मला घरात माणूस पाहिजे, पाहुणा न्हाई. ह्या सुट्टीत त्यांनी पोरीला घेतलं न्हाई तर मी बदनापूरला चालले. मंग मला बोलवायला येऊ नका."

पायांचं राहिलं बाजूला. पाया पडला नाही तर नाही पडला, त्यानं काही बापाचे पाय झिजत नव्हते. पण ही पोर? सुट्टी सगळी वीस दिवसांची होती, त्यातले तीन गेले होते. काहीही करून ही पोर तिच्या बापाच्या हातात द्यायची, असं कचरूनं मनाशी पक्कं केलं. कसं ते मात्र त्याला कळत नव्हतं.

हरिओमचं घरात लक्ष नव्हतं, पण कामाला तो वाघ होता. शेडनेटमध्ये मिरचीच्या बियाण्याचा प्लॉट लावलेला होता. उमलायच्या आधी कळी चिमट्यानं उघडायची, आतले नराचे तंतू एकेक उपटायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग तिथं लावायचा आणि खुणेचा दोरा बांधायचा. बायांचंच काम हे. बोट जरा जड पडलं की कळी गेली. पण हरिओम पहाटेपासून नेटमध्ये उकिडवा बसायचा आणि दुर्गाबाईसारखी वीस वर्षं हेच केलेली बाई सांगायची, आबा, तुमच्या साहेबाच्या हातून एक कळी वाया जात न्हाई. कचरूला हे ऐकून बरंही वाटायचं आणि चीडही यायची. फुलाला हात लावतोस, मग पोरीला का नाही रे बाबा?

इकडं सोमेश्वरनं रविवारी सत्काराचं ठरवून टाकलं होतं. शाळेच्या मैदानात मांडव, वरून कोणी आमदार येणार, चौकात वीस फुटी फ्लेक्स. त्यावर हरिओम विमानाला टेकून हसत होता. कचरूनं पोराला न विचारताच होकार दिला होता. बापानं शब्द दिला म्हणजे दिला, त्यात विचारायचं काय?

पाचव्या दिवशी दुपारी गोजरबाईनं नवऱ्याला चुलीपाशी बोलावलं. बायको चुलीपाशी बोलावते म्हणजे गोष्ट बाहेर बोलायची नसते, हे पन्नास वर्षांत कचरू शिकला होता.

"आवं, पोरगं सुतकात हाये," ती म्हणाली.

कचरूला वाटलं, हिचं डोकं फिरलं. भावकीत कोणी गेलेलं नाही, सासरवाडीत कोणी गेलेलं नाही, सुतक कुठून आलं? पण गोजरबाईनं एकेक सांगायला घेतलं. आल्यापासून कपाळाला गंध नाही. देवघरात पाऊल नाही. मारुतीपुढून जातो तो मान खाली घालून. पलंग असताना भुईवर घोंगडी टाकून झोपतो. फोडणी द्यायच्या आधी आपल्या वाटणीचं वरण काढून घेतो. दाढी वाढवलीय. स्वतः कोणाच्या पाया पडत नाही आणि काल दुर्गाबाईचा नातू वाकला तर विंचू चावल्यासारखा मागं सरकला. हे सगळं दहा दिवस कोण पाळतं? ज्याच्या घरी माणूस गेलंय तो.

 ह्या पंचक्रोशीत कोणी मेलं की लोक कचरूकडंच यायचे. चुलत्याच्या नातवाचं किती दिवस, लेकीच्या सासऱ्याचं किती, बातमी उशिरा कळली तर कुठून मोजायचं, हे सगळं त्याला तोंडपाठ. आणि स्वतःच्या घरात सुतक पाच दिवस वावरत होतं ते ह्याला दिसलं नाही. ह्याला दिसला तो पोराचा गर्व. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं त्याला वाटलं.

तो तसाच उठून शेडनेटमध्ये गेला. बाया जेवायला गेल्या होत्या. हरिओम एकटाच ओळीत बसला होता. कचरू त्याच्या शेजारी बसला आणि सरळ विचारलं, कुणाचं धरलंस?

हरिओमनं हातातली कळी पुरी केली, दोरा बांधला, चिमटा खिशात ठेवला. मग बोलायला लागला तो खाली मातीकडं बघूनच. लढाई पाच दिवसांची झाली. तिसऱ्या दिवशी त्याला एक ठिकाण दिलं होतं, सरहद्दीपलीकडचं. तिथं दारूगोळा साठवलेला होता. बातमी बराबर होती, त्याचा नेम बराबर होता, सगळं अगदी सांगितल्याप्रमाणं झालं. गेला, टाकून आला, लोकांनी मिठ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी वरून काढलेला फोटो त्याला दाखवला. ती इमारत गेली होती. तिच्या शेजारी एक घर होतं, त्याचीही अर्धी बाजू गेली होती. घरापुढं अंगण होतं आणि अंगणात बाजा टाकलेल्या होत्या.

"मे महिना, आबा. तिकडंबी उकडतं. लोक बाहेरच झोपतात, आपल्यासारखे. चार बाजा एका लायनीत, दोन भिंतीच्या कडंला. त्यातली एक उलटी पडलेली. आन् एक लहान. सात."

कचरूनं विचारलं, बाजेवर कुणी होतं का? हरिओम म्हणाला, तेच तर. त्यानं वरच्या साहेबांना विचारलं. ते काही वाईट माणसं नव्हती. त्यांनी खरं ते सांगितलं, की माहीत नाही, कळायला मार्ग नाही आणि तुझं काम तू चोख केलंस. त्यानं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याला डॉक्टरकडं पाठवायची भाषा सुरू झाली. मग त्यानं विचारणं सोडलं. जाग आली असेल, पळाले असतील. आधीच घर सोडून गेले असतील. किंवा नसतील.

"म्हंजी मेलं का न्हाई तेबी ठाऊक न्हाई?" कचरू म्हणाला. "मंग सुतक कशाचं रे पोरा?"

हरिओमनं पहिल्यांदा बापाकडं बघितलं. "सुतक कळल्या दिवसापास्नं धरतात ना, आबा?"

"हा."

"मला अजून कळलंच न्हाई. मंग मी दिवस कुठून मोजू?"

चाळीस वर्षं गावाची सुतकं मोजणारा कचरू मनात एकेक नियम चाचपून बघू लागला. बातमी उशिरा आली तर तीन दिवस, परदेशात गेला तर असं, पाण्यात वाहून गेला आणि देह सापडला नाही तर तसं, सगळ्याला काही ना काही तोड होती. माणूस मेलं का जिवंत आहे हेच माहीत नसताना, नाव ठाऊक नसताना, आणि मारणारा आपणच असताना काय करायचं, हे त्याला कोणी कधी विचारलंच नव्हतं.  पण बाप होता तो. पोराला मोकळ्या हातानं परत पाठवणं त्याला जमणारं नव्हतं.

"आजपास्नं धर," तो म्हणाला. "मी सांगून राह्यलो. कळलंय असं समज आन् आजचा पहिला दिवस. आन् एकट्याला सुतक नसतं, घराला असतं. आम्हीबी धरतो. दहाव्याला पूर्णेवर जाऊ, फेडू. मंग पोरीला घेशील का?"

हरिओमनं खिशातला चिमटा काढला आणि पुढची कळी धरली. मग म्हणाला, घेईन.

कचरूचा जीव भांड्यात पडला. आपण फार मोठी तोड काढली असं त्याला वाटलं, आणि का वाटू नये? गावात आजवर त्यानं सांगितलेल्या दिवशी सगळ्यांची सुतकं फिटली होती.

 गोजरबाईनं देवघराला पडदा ओढला आणि फोडणीची कढई पालथी घातली. कचरूनं शीतलला सगळं सांगितल्यावर ती आधी रडली. मग हरिओमपाशी जाऊन बसली, लग्नाआधी बसायची तशी, जरा अंतर ठेवून. तिनं एवढंच विचारलं, सातवी बाज लहान होती का? त्यानं मान हलवली. त्यानंतर तिनं बदनापूरचं नावही काढलं नाही.

आता राहिला सत्कार. सुतकात हार कसा घालून घेणार? कचरू सोमेश्वरकडं गेला आणि म्हणाला, रविवारचं रद्द कर, घरात सुतक आलंय. सोमेश्वर दचकला. कोण गेलं म्हणाला. लांबचं हाये, कचरू म्हणाला. लांबचं म्हणजे कुठलं? भावकीला निरोप नाही, काही नाही, ही काय भानगड आहे?

इथं कचरूला सुटता आलं असतं. घनसावंगीकडं त्याचे लांबचे पाव्हणे होते, कोणाचंही नाव घेतलं असतं तर कोण तपासायला जाणार होतं? पण जित्या माणसाचं सुतक तोंडातून काढणं त्याच्यानं होईना. उद्या त्याला काही झालं म्हणजे? म्हणून त्यानं खरं ते सांगितलं. सात बाजांचं सांगितलं. सांगताना त्याला वाटत होतं, हा समजून घेईल, ह्यालाही लेकरंबाळं आहेत.

सोमेश्वरनं समजून घेतलं नाही. त्यानं आधी हळू आवाजात विचारलं, आबा, शुद्धीवर हाव का? मग मोठ्यानं विचारलं. ग्रामपंचायतीत चार माणसं बसली होती, ती बाहेर आली. ज्यांच्यावर बॉम्ब टाकला त्यांचंच सुतक? गावात दोन घरची पोरं फौजेत आहेत, त्यांच्या मायांना काय सांगायचं? आमदाराला काय सांगायचं? कचरू उभा राहून ऐकत होता. मेलेलं माणूस मेलेलं असतं, एवढंच त्याला म्हणायचं होतं, पण ते म्हणायची वेळ टळून गेली होती. संध्याकाळपर्यंत चौकातला फ्लेक्स उतरला. चुलतभावानं फोन करून सांगितलं की तुमच्या ह्या सुतकात आम्हाला धरू नका. दुर्गाबाई सोडली तर दुसऱ्या दिवशी कामाला बाया आल्या नाहीत, आणि कळ्या तशाच उमलून गेल्या.

हरिओमला हे सगळं कळत होतं. तो बापाला एकदाच म्हणाला, तुमचं नाव घालवलं मी. कचरू म्हणाला, नावाचं काय घेऊन बसला. पण त्याला लागलं होतं. ज्या पारावर तो बसायचा तिथं त्याला बघून लोक आता उठून जात होते. एकदा एक जण उठला नाही, तर कचरूला त्याचेच पाय धरावेसे वाटले.

दहाव्या दिवशी बापलेक जाफराबादला पूर्णेच्या काठावर गेले. भावकीतलं चिटपाखरू आलं नाही. मच्छिंद्र न्हावी येतो म्हणाला होता, त्याचा फोन बंद. त्याचं दुकान चौकातच, त्याला तरी काय बोलणार? दोघं तासभर थांबले. मग हरिओमनं पिशवीतून स्वतःचं दाढीचं सामान काढलं आणि डोकं पाण्यानं भिजवायला लागला.

"उठ," कचरू म्हणाला. "बाप जित्ता हाये तुझा."

बाप जिवंत असताना पोरगा डोकं-मिशी काढत नाही. हे हरिओमला ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्याला वाटलं असेल, आता कसला नियम. कचरूला तसं वाटत नव्हतं. तो स्वतः धोतर सावरून दगडावर बसला, टोपी काढली आणि म्हणाला, माझं काढ. घराचं सुतक हाये, घरात मोठा मी हाये.

हरिओम हलेना. कचरूनं दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्यानं ब्लेड लावलं. बापाच्या डोक्यावर नदीचं पाणी घातलं आणि पुढून मागं भादरायला घेतलं. पांढरे केस दगडावर पडत होते. मग मिशी. नाकाखाली, ओठाच्या कडेला, म्हाताऱ्या सैल कातड्यावर त्याचा हात एकदाही थरथरला नाही. एक ओरखडा नाही. कचरू वाट बघत होता की पोराचा हात हलेल, पोरगं रडेल, काहीतरी बाहेर पडेल. ह्या हाताला थरथरायचं शिकवलंच नव्हतं. तेच कचरूला सहन झालं नाही, आणि रडला तो कचरू.

भाताचे सात गोळे कचरूनं पानावर मांडले. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा नाव नव्हतं, गोत्र नव्हतं, त्यानं नुसते हात जोडले. कावळे लागलीच आले आणि सातही गोळ्यांना शिवले. कचरूनं मोठा श्वास सोडला. बघ, म्हणाला, शिवले.

"भुकेले असतील, आबा," हरिओम म्हणाला.

घरी आले तेव्हा दुपार झाली होती. गोजरबाईनं दारातच दोघांच्या पायांवर पाणी घातलं. नवऱ्याचं तुळतुळीत डोकं आणि उघडा ओठ बघून तिनं पदर तोंडाला लावला. शीतल पोरीला घेऊन अंगणात उभी होती. तिनं पोरगी पुढं केली. हरिओमनं शब्द पाळला. दोन्ही हातांत घेतली. पोरीनं आधी तोंड वेडंवाकडं केलं, मग त्याच्या खरखरीत दाढीवरून हात फिरवला आणि त्याचा कान मुठीत धरून ओढला. हरिओमला हसू आलं. खरंच आलं. शीतलनं ते बघितलं, गोजरबाईनं बघितलं, आणि कचरूला वाटलं, गाव गेलं खड्ड्यात, माझी मिशी सार्थकी लागली.

पोरीला घेऊन हरिओम अंगणात दोन पावलं चालला. मग थांबला आणि वर बघितलं. वर काही नव्हतं. विमान नाही, घार नाही, मोकळं आभाळ. पण तो बघत राहिला, आणि बघता बघता त्यानं पोरीचं डोकं हातानं झाकलं. वाकला, जवळजवळ पळतच पडवीत गेला, छपराखाली भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि पोरगी शीतलकडं दिली. कपाळावर घाम होता त्याच्या, मार्गशीर्षात.

उरलेल्या दिवसांत त्यानं पोरीला रोज घेतलं, पण घरात, भिंतीपाशी. अंगणात एकदाही नाही. वरण मात्र तो आधीसारखंच फोडणीआधी काढून घ्यायचा, आणि घोंगडी भुईवरच होती. कचरू ते बघत होता आणि बघून न बघितल्यासारखं करत होता.

सुट्टी संपली. जालन्याच्या स्टेशनला न्यायला जीप आली. ह्या वेळी अंगणात घरच्यांशिवाय कोणी नव्हतं. शीतलनं बरोबर यायचं विचारलं, तर तो म्हणाला, आत्ता नको, इथंच राहा. जीपमध्ये पिशवी ठेवताना कचरूनं त्याला गाठलं. विचारावं का नाही असं करत शेवटी विचारलंच.

"फिटलं का रे पोरा?"

हरिओमनं त्याच्या बोडक्या डोक्याकडं बघितलं. "तुमचं फिटलं, आबा," म्हणाला. आणि जीपमध्ये बसता बसता मागं वळून, आवाज खाली घेऊन, "उन्हाळ्यात हिला बाहेर झोपवू नका."

न्हाई झोपवणार, कचरू म्हणाला. जीप फाट्याकडं वळेपर्यंत तो उभा राहिला. मग परत आला. उन्हाळ्यात टाकायच्या बाजा गोठ्याच्या भिंतीला उभ्या करून ठेवल्या होत्या. त्यातली एक त्यानं आडवी केली, खाली बसला आणि विळ्यानं तिचं विणलेलं सुंभ कापायला लागला. गोजरबाई धावत आली. उन्हाळ्यात पत्र्याखाली जीव जाईल, झोपायचं कुठं म्हणून विचारू लागली. कचरूनं मान वर केली नाही. घरात बाजा चार होत्या, आणि दिवस मावळायच्या आत त्याला चारी उसवायच्या होत्या.